क्विल्टचं कापड दरवेळी कमी पडतं? हिशोब नेमका कुठे फसतो ते असं शोधा

आधी लक्षणं सांगते, कारण त्यावरूनच कळतं की गडबड कुठे आहे.

ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, शिवत शिवत शेवटाला आलात, दोन-तीनच राहिले आणि बॅकग्राउंडचं कापड संपलं, बाकीचे रंग मात्र भरपूर उरलेत. किंवा पॅटर्नमध्ये लिहिलं होतं अगदी तेवढंच घेतलं तरी एक पट्टी कमी पडली, एकच. हे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय. किंवा तुकडे सगळे निघाले पण बॉर्डर आणि कडेचा गोट यांचं कापडच मोजायचं राहिलं होतं. किंवा अस्तर लांबीला पुरलं आणि रुंदीला चार बोटं कमी. आणि याच्या उलटंसुद्धा, दर क्विल्टनंतर मीटर-मीटर कापड उरतं आणि कपाट भरत जातं. उरणं हा पण हिशोबाचाच बिघाड आहे, फक्त तो टोचत नाही म्हणून कोणी दुरुस्त करत नाही.

मी बरीच वर्षं क्विल्ट शिवतेय आणि इतरांचे हिशोबही तपासून देते, त्यामुळे हा एकच बिघाड मी इतक्यांदा सोडवलाय की आता तपासायचा क्रम ठरून गेलाय. फुकट आणि सोप्यापासून सुरू करायचं, अवघड शेवटी. आणि सगळ्यात आधी एक काम करा, कात्री किंवा रोटरी कटर खाली ठेवा. कापड अख्खं आहे तोपर्यंत सगळे मार्ग मोकळे असतात, अर्धं कापून झाल्यावर "आता काय करू" विचारलं तर उत्तरं फार थोडी उरतात.

पहिलं बघा, वार की मीटर

पॅटर्न पुन्हा वाचा, फक्त मापांचा भाग. वार म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे ३९.३७ इंच. एका मीटरमागे जवळपास साडेतीन इंचाचा फरक. एकाला काही वाटत नाही पण ५ मीटरच्या जागी ५ वार घेतलंत तर जवळपास १७ इंच गेले, म्हणजे साडेसहा इंचाच्या दोन पट्ट्या आणि वर थोडं. उलटं झालं, वार लिहिलेत आणि तुम्ही तेवढे मीटर घेतले, तर कापड उरतं, तो तुमचा उरण्याचा बिघाड.

तिथेच अजून एक बघून घ्या. बऱ्याच पॅटर्नमध्ये लहान, मध्यम, मोठा अशा तीन साइजचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि डोळा एका ओळीत एका रकान्यातून दुसऱ्यात घसरतो. तुमचा रकाना पेनाने रंगवून टाका. याला दोन मिनिटं लागतात म्हणून हे पहिलं.

फॅट क्वार्टरवाल्यांसाठी, पाव वार आणि फॅट क्वार्टर यांचं क्षेत्रफळ सारखं असलं तरी आकार वेगळा असतो. पाव वार म्हणजे ९ इंचाची अख्ख्या पन्ह्याची (कापडाच्या पूर्ण रुंदीची) पट्टी आणि फॅट क्वार्टर साधारण १८ बाय २२. त्या ९ इंचाच्या पट्टीतून १० इंचाचा एकही चौकोन निघणार नाही, फॅट क्वार्टरमधून दोन निघतात. पॅटर्नमध्ये फॅट क्वार्टर लिहिलं असेल तर तेच लागतं.

मग टेप घ्या आणि पन्हा मोजा

हे इतकं साधं आहे की कोणी करतच नाही, आणि "एकच पट्टी कमी पडली" याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. क्विल्टिंगच्या सुती कापडावर ४४ इंच लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंच्या घट्ट विणलेल्या किनारी सोडल्या, धुतल्यावर थोडं आटलं, की हातात राहतात ४० ते ४२ इंच. किनार शिवणीत घ्यायची नाही, तिची वीण दाट असते, धुतल्यावर ती वेगळी आटते आणि शिवण चुण्या पडून ओढली जाते.

आता हे बघा. पॅटर्नवाल्याने पन्हा ४२ धरलाय आणि तुम्हाला साडेदहा इंचाचे २० चौकोन हवेत. ४२ मध्ये साडेदहाचे बरोब्बर ४ बसतात. म्हणजे ५ पट्ट्या, साडेबावन्न इंच कापड. तुमचा पन्हा भरला ४१. चौथा चौकोन एका इंचाने हुकला, आता एका पट्टीत ३च, म्हणजे ७ पट्ट्या लागणार, साडेत्र्याहत्तर इंच. पन्हा एक इंच कमी आणि कापड २१ इंच जास्त! मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा माझ्या सगळ्या जुन्या क्विल्टचे हिशोब डोळ्यांपुढे आले.

म्हणून मी हिशोब नेहमी ४० धरून करते, पॅटर्न काहीही म्हणो. आणि पन्हा मोजताना तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये, सगळ्यात कमी येईल तो आकडा धरायचा.

शिवल्यावरचं माप की कापायचं माप

पॅटर्नमध्ये "६ इंचाचा चौकोन" लिहिलं असेल तर ते शिवून झाल्यावरचं आहे की कापतानाचं, हे शोधा. क्विल्टमध्ये शिवणीला प्रत्येक बाजूला पाव इंच सोडतात, म्हणजे चौकोन कापताना लांबीला अर्धा आणि रुंदीला अर्धा इंच वाढतो. ६ चा साडेसहा.

अर्ध्या इंचाने काय होतंय असं वाटेल, पण तुकडा जितका लहान तितका हा अर्धा इंच महाग पडतो. १२ इंचाच्या चौकोनाला साधारण साडेआठ टक्के कापड जास्त लागतं. २ इंचाच्या चौकोनाचं शिवल्यावरचं क्षेत्रफळ ४ चौरस इंच, कापताना लागतं सव्वासहा, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. बारीक तुकड्यांचा क्विल्ट स्वतः डिझाइन करणाऱ्यांचं कापड नेहमी इथे संपतं, कारण ते क्विल्टचं तयार माप बघून कापड आणतात आणि त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त आत शिवणीत जाऊन बसतं.

आता मुख्य गोष्ट, पट्ट्या मोजा

वरचं सगळं बरोबर निघालं आणि तरी कापड कमी पडतंय, तर ९० मिनिटं काढून बसा, वही घ्या. कारण मग चूक पद्धतीतच असते. बहुतेक लोक क्षेत्रफळ काढतात. एका तुकड्याचं क्षेत्रफळ, गुणिले तुकडे, भागिले पन्हा. वरचेच २० चौकोन घ्या, साडेदहा गुणिले साडेदहा, २० ने गुणलं तर २२०५ चौरस इंच येतात, ४० ने भागलं की ५५ इंच. आणि ४० इंच पन्ह्यात खरे लागतात साडेत्र्याहत्तर. क्षेत्रफळाच्या हिशोबात प्रत्येक पट्टीच्या शेवटी उरणारा साडेआठ इंचाचा तुकडासुद्धा चौकोनात धरला गेलाय, आणि तो तर कात्रणांच्या डब्यात जाणार. कापड पाण्यासारखं सलग नसतं, त्याचे पट्टे पडतात.

तर असं करायचं. पन्ह्याला तुकड्याच्या रुंदीने भागा, पूर्णांकाच्या पुढचं सोडून द्या, ६.९ आलं तरी ६च. हे झाले एका पट्टीतले तुकडे. एकूण तुकड्यांना त्याने भागा आणि इथे मात्र वर ढकला, १३.१ आलं तरी १४. मग पट्ट्या गुणिले पट्टीची उंची. एवढंच. पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर, हा क्रम उलटा झाला की सगळं फसतं.

तुकडा आयताकृती असेल तर दोन्हीकडून करून बघा. साडेदहा बाय साडेसहाचे २४ तुकडे हवेत. पट्टी साडेदहा उंचीची कापली तर एकीत ६ बसतात, ४ पट्ट्या, ४२ इंच. तीच पट्टी साडेसहाची कापली तर एकीत ३, ८ पट्ट्या, ५२ इंच. तुकडे तेच, कापड तेच, फक्त आडवं की उभं यात १० इंच गेले.

हा हिशोब प्रत्येक कापडाचा वेगळा लिहा, आणि क्विल्टमध्ये ते कापड जिथे जिथे येतं ते सगळं लिहा. ब्लॉकमध्ये, दोन ब्लॉकच्या मधल्या पट्ट्यांमध्ये, बॉर्डरमध्ये, गोटात. बॅकग्राउंडच कायम का संपतं याचं उत्तर हेच, ते चार ठिकाणी लागतं आणि आपण दोनच मोजलेली असतात. सगळी बेरीज झाली की प्रत्येक कापडामागे एक पट्टी जास्त धरा, चुकीच्या कापण्यासाठी, आणि दोन इंच कापड सरळ करण्यासाठी. ताग्यावरून कापलेलं कापड क्वचितच काटकोनात असतं, घडी घालून कड सरळ केली की इंच-दीड इंच जातोच.

कापायचा क्रम पण इथेच ठरवा. लांब बॉर्डर आधी, मग मोठे तुकडे, लहान शेवटी. लहान तुकडा मोठ्याच्या उरलेल्यातून निघतो, मोठा लहानाच्या उरलेल्यातून कधीच निघत नाही. उरलेल्या त्या साडेआठ इंचांमधून साडेतीनचे चौकोन काढता आले तर वहीत तसं लिहा आणि लहान चौकोनांच्या पट्ट्या तेवढ्या कमी करा. उरण्याचा बिघाड असलेल्यांचं निम्मं कापड इथे वाचतं.

त्रिकोण

त्रिकोण आले की नुसता अर्धा इंच पुरत नाही, कारण तिरप्या बाजूलाही शिवण असते. दोन त्रिकोणांचा चौकोन करायचा असेल तर शिवल्यावरच्या मापात ७ सूत मिळवा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवल्यावर ३ इंच हवा तर दोन्ही रंगांचे ३ इंच ७ सुताचे चौकोन कापायचे, एका जोडीतून दोन निघतात. मी सरळ ४ इंचाचे कापते आणि शिवल्यावर साडेतीनला साफ करते, थोडं कापड जातं पण टोकं जुळतात. चार त्रिकोणांचा चौकोन असेल तर सव्वा इंच मिळवायचा.

खरी अडचण होते ब्लॉक कोनावर उभे, म्हणजे ऑन पॉइंट लावले की. कडेचे मोठे त्रिकोण लोक ब्लॉकच्याच मापाचा चौकोन अर्धा कापून करतात आणि ते लहान पडतात, शिवाय क्विल्टच्या कडेला उरेब (ताणली जाणारी तिरपी वीण) येतो आणि कड लाटांसारखी हलते. बरोबर रीत अशी की ब्लॉकचं शिवल्यावरचं माप गुणिले १.४१४, अधिक सव्वा इंच, एवढा चौकोन कापून त्याचे चार त्रिकोण करायचे, म्हणजे बाहेरच्या कडेला सरळ धागा येतो. चार कोपऱ्यांसाठी ब्लॉकचं माप भागिले १.४१४, अधिक ७ सूत, आणि त्याचे दोन.

१२ इंचाचे ब्लॉक, ३ आडवे ४ उभे असे कोनावर. कडेचे त्रिकोण १० लागतात, एका चौकोनातून ४, म्हणजे सव्वाअठरा इंचाचे ३ चौकोन. ४० मध्ये दोनच बसतात, दोन पट्ट्या झाल्या, साडेछत्तीस इंच. कोपऱ्याचे ९ इंच ३ सुताचे दोन चौकोन दुसऱ्या पट्टीच्या उरलेल्यात बसतात. आता गंमत नाही पण लक्षात घेण्यासारखं, एक वार म्हणजे ३६. अर्धा इंच कमी! क्षेत्रफळाने मोजलं तर एक वारात आरामात बसतंय असंच दिसतं. मीटर घेतलंत तर सरळ करून पुरतं.

धुणं आणि आटणं

सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटू शकतं, फ्लॅनेल त्याहून जास्त. २ मीटर कापडात ४ टक्के म्हणजे ३ इंचांहून जास्त, एक अख्खी बारीक पट्टी. धुऊन शिवणार असाल तर हे कापड घेतानाच वाढवा, पन्हा धुतल्यानंतर पुन्हा मोजा. न धुता शिवायचं ठरवलं तरी चालतं पण मग सगळीच कापडं न धुतलेली घ्या, अर्धी धुतलेली अर्धी नाही असं करू नका. आणि आधीच कापून आलेल्या पट्ट्या किंवा चौकोनांचे गठ्ठे अजिबात धुऊ नका, धागे सुटतात आणि माप बिघडतं. गडद लाल किंवा निळ्याबद्दल शंका असेल तर एक लहान तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा.

अस्तर, बॉर्डर, गोट

इथे पैसे सगळ्यात जास्त जातात. अस्तर क्विल्टपेक्षा प्रत्येक बाजूला ४ इंच मोठं लागतं, कारण क्विल्टिंग करताना, म्हणजे वरचा भाग, मधला भराव आणि अस्तर एकत्र शिवताना, तीन थर सरकतात आणि वरचा थर आत ओढला जातो. ६० बाय ७० चा क्विल्ट असेल तर अस्तर ६८ बाय ७८. आता जोड उभा की आडवा हे दोन्हीकडून मोजा. उभा जोड, ७८ इंचाचे दोन पन्हे, १५६ इंच. आडवा जोड, ६८ चे दोन, १३६ इंच, आणि ४० चे दोन पन्हे जोडून अर्ध्या-अर्ध्या इंचाची शिवण सोडली की ७९ राहतात, ७८ ला पुरतात. २० इंच वाचले. पण हाच क्विल्ट ६० बाय ८० असता तर ८८ लागले असते, आडव्या जोडाला तीन पन्हे, २०४ इंच, आणि उभ्याला दोनच, १७६. म्हणून "आडवा जोड स्वस्त" असा नियम करू नका, दरवेळी मोजा.

गोटासाठी परिघ अधिक १० इंच. ६० बाय ८० ला २९०. अडीच इंचाची पट्टी तिरपी जोडताना प्रत्येक जोडात अडीच इंच जातात, म्हणून पट्टी ४० नाही साडेसदतीस धरा, ८ पट्ट्या, २० इंच कापड. गोट उरेब हवा असेल, कड गोलाकार असेल तर लागतोच, तर २९० गुणिले अडीचचं वर्गमूळ काढा, साधारण २७ इंचाचा चौकोन लागेल.

बॉर्डर पन्ह्यात कापून जोडली तर कापड कमी लागतं, लांबीत सलग कापली तर जास्त लागतं पण ती ताणली जात नाही. मी मोठ्या क्विल्टला सलगच घेते, उरलेली उभी पट्टी ब्लॉकमध्ये जाते. आणि बॉर्डरची शेवटची लांबी क्विल्टच्या मधोमध टेप लावून घ्या, कडेने मोजू नका, कड ताणलेली असते.

एका दिशेची प्रिंट

सगळ्यात अवघड हे. झाडं, अक्षरं, पट्टे, असं काही असेल तर तुकडा फिरवता येत नाही, म्हणजे वर आडवं-उभं करून १० इंच वाचवले ते इथे विसरा. त्रिकोणांमध्ये तर अर्धे त्रिकोण आपोआप झोपतात. ठरावीक फूल प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी हवं असेल तर कोणताच हिशोब पुरत नाही, नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते मोजायचं, एका नक्षीच्या घेरात किती फुलं निघतात ते मोजायचं आणि चौकटीच्या कागदावर सगळं काढून बघायचं. दुप्पट कापड लागणं अगदी शक्य आहे.

कुठे थांबायचं

हे सगळं दोनदा करूनही तुमचा आकडा आणि पॅटर्नचा आकडा यात अर्ध्या मीटरहून जास्त फरक येत असेल, तर तिसऱ्यांदा करू नका, पॅटर्न ज्याने लिहिलाय त्याला विचारा. छापील पॅटर्नमध्ये चुका असतात आणि बऱ्याच जणांनी दुरुस्त्या काढलेल्या असतात.

क्विल्टिंग मशीनवर दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर अस्तर कापण्याआधी त्यांना माप विचारा. मोठ्या फ्रेमला अस्तर ताणून लावावं लागतं, काहींना प्रत्येक बाजूला ४ इंचांपेक्षा जास्त लागतं, आणि अस्तराचा जोड उभा हवा की आडवा हेही तेच सांगतील.

कापड संपलंय आणि तोच प्रिंट पुन्हा मिळतोय असं दिसलं तरी हातातला तुकडा शेजारी ठेवून उजेडात बघितल्याशिवाय घेऊ नका, वेगळ्या रंगवणीत छटा बदलते. जुळत नसेल तर बॉर्डर किंवा गोट दुसऱ्या रंगाचा करा आणि त्यासाठी राखलेलं कापड ब्लॉकला वापरा, मध्येच दोन ब्लॉक वेगळ्या छटेचे दिसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या साड्या, शर्ट यांचा क्विल्ट असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, पहिला काप स्वतः घालू नका जोपर्यंत अनुभवी माणसाने कापड हातात घेऊन बघितलं नाही. शर्टाच्या पाठीतून किती निघेल, विरलेला भाग कुठे आहे, मागे इस्त्रीने चिकटणारं कापड लावून मजबूत करावं लागेल का, हे फोटोवरून कळत नाही, आणि ते कापड दुसरीकडे मिळणार नसतं. जाताना सगळे कपडे न उसवता न्या, सोबत क्विल्टचं माप, ब्लॉकचं चित्र आणि प्रत्येक रंगाचे किती तुकडे लागतात त्याची यादी.